तिसऱ्याची मते : १९६९ची राष्ट्रपती निवडणूक आणि चिंतामणराव देशमुख

गेल्या पावसाळ्यात आमच्या कोंडाण्यातला एक मुलगा घरी आला. स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. त्याच्या हातात तालुक्यातल्या एका शाळेची जुनी स्मरणिका होती. पान उघडून त्याने एका ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "काका, हे तुम्हीच लिहिलंय ना? याला आधार काय?"

ओळ माझीच होती. वीसेक वर्षांपूर्वी 'आपल्या जिल्ह्याची रत्ने' अशा धर्तीचा लेख मी त्या स्मरणिकेत लिहिला होता. चिंतामणराव देशमुखांवरच्या परिच्छेदाचा शेवट मी असा केला होता : १९६९ साली चिंतामणरावांनी राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मते खाल्ली नसती, तर नीलम संजीव रेड्डी निवडून आले असते, काँग्रेस फुटली नसती आणि पुढे देशाला आणीबाणी पाहावी लागली नसती.

आमचे गाव राजमाचीच्या पायथ्याशी. लोक इथे येतात ते डोंगरातली बौद्ध लेणी पाहायला. त्या लेण्यात एक छोटा ब्राह्मी लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढेच तो सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ओळीला निदान दगडाचा आधार आहे. माझ्या ओळीला आधार होता तो आमच्या गुरुजींच्या बोलण्याचा. गुरुजी जुने काँग्रेसवाले. शाळा सुटल्यावर ओट्यावर बसून ते सांगायचे, "अरे, रेड्डींचा घात आपल्याच कुलाब्याच्या माणसानं केला." मी ते ऐकले, मनात ठेवले आणि छापले. गुरुजी आता नाहीत. मुलाला मी म्हटले, "थांब, बघून सांगतो."

इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. उमेदीची वर्षे खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात गेली. तिथे एकच गोष्ट शिकलो : आवक, जावक आणि शिल्लक यांचा मेळ बसला पाहिजे. बसला नाही तर कुठेतरी माल आहे किंवा कुठेतरी चूक आहे. १९६९च्या निवडणुकीचे आकडे मी त्याच सवयीने पुढ्यात घेतले. हा लेख म्हणजे त्या मुलाला द्यायचे उत्तर आहे आणि माझ्या ओळीची दुरुस्तीही.

माणूस कोण होता

आधी चिंतामणरावांविषयी. कारण 'मते खाणारा उमेदवार' म्हटले की जे चित्र डोळ्यांपुढे येते, त्यात हा माणूस बसत नाही.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६चा, महाडजवळच्या नाते गावचा. वडील रोह्याला वकिली करत. १९१२च्या मॅट्रिक परीक्षेत चिंतामणराव मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. १९१८मध्ये आयसीएसच्या परीक्षेतही ते पहिलेच. मध्य प्रांतात नोकरीची वर्षे काढून ते रिझर्व्ह बँकेत आले आणि १९४३मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते. १९५०मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत गेले. आमच्या जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१मध्ये आले.

महाराष्ट्राला ते आठवतात ते १९५६मुळे. राज्य पुनर्रचनेत मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा बेत ठरला, मुंबईत गोळीबारात माणसे मेली आणि त्याची न्यायालयीन चौकशी होईना. जुलै १९५६मध्ये लोकसभेत निवेदन करून चिंतामणराव मंत्रिमंडळातून बाहेर पडले. एवढे मोठे खाते असे सोडणारा माणूस मराठी लोकांच्या मनात घर करून राहिला यात नवल नाही.

त्याच अर्थमंत्र्याची आणखी दोन कामे या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. १९५५मध्ये इम्पीरियल बँक सरकारच्या ताब्यात येऊन तिची स्टेट बँक झाली. १९५६च्या जानेवारीत एका वटहुकमाने आयुर्विम्याचा सारा धंदा सरकारने घेतला आणि त्यातून आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. दोन्ही वेळी अर्थखाते चिंतामणरावांकडेच होते. पुढे १९६९मध्ये त्यांची उमेदवारी पुढे केली ती स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी. राष्ट्रीयीकरणाला कडवा विरोध हीच स्वतंत्र पक्षाची ओळख होती. आणि ज्या आठवड्यांत ही निवडणूक रंगली, त्याच आठवड्यांत देशभर चर्चा होती ती बँकांच्या राष्ट्रीयीकरणाची. 'उजव्यांचा उमेदवार' हा शिक्का मी माझ्या लेखात न तपासताच मारला होता. उमेदवाराचे पाठीराखे आणि उमेदवाराची कामगिरी या दोन वेगळ्या नोंदी आहेत. त्या एकाच रकान्यात लिहिल्या की हिशेब चुकतो.

निवडणूक कशी लागली

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले. पदावर असताना राष्ट्रपतीचा मृत्यू होण्याची ती पहिलीच वेळ. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले.

काँग्रेसमध्ये तेव्हा दोन फळ्या पडल्या होत्या. एका बाजूला पंतप्रधान इंदिरा गांधी, दुसऱ्या बाजूला 'सिंडिकेट' म्हणून ओळखले जाणारे जुने नेते : पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा, कामराज, स. का. पाटील आणि त्यांच्या जोडीला मोरारजी देसाई. जुलैमध्ये बंगलोरला संसदीय मंडळाच्या बैठकीत लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी यांचे नाव बहुमताने ठरले. इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते. यशवंतराव चव्हाणांचे मत त्या बैठकीत रेड्डींच्या बाजूने पडले.

पुढचे दिवस फार वेगाने गेले. १६ जुलैला मोरारजींकडून अर्थखाते काढले गेले. १९ जुलैला १४ मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर सही हंगामी राष्ट्रपती गिरी यांची. दुसऱ्याच दिवशी गिरींनी पद सोडले आणि ते अपक्ष म्हणून निवडणुकीत उतरले. सरन्यायाधीश हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले.

आता रिंगणात तीन नावे ठळक होती : काँग्रेसचे अधिकृत उमेदवार रेड्डी, अपक्ष गिरी आणि चिंतामणराव. निजलिंगप्पांनी स्वतंत्र आणि जनसंघाच्या नेत्यांशी बोलणी केली. तुमचे पहिले मत देशमुखांना द्या, पण दुसऱ्या पसंतीचे मत रेड्डींना द्या, असा त्याचा रोख होता. इंदिरा गांधींच्या गटाने हाच मुद्दा उचलला. ज्या पक्षांशी आपण लढतो त्यांच्याशी संधान बांधणाऱ्यांनी आम्हाला पक्षादेश का सांगावा, असा त्यांचा सवाल होता. पंतप्रधानांनी रेड्डींच्या बाजूने पक्षादेश काढायला नकार दिला आणि ज्याने त्याने सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे, असे आवाहन केले. डावे पक्ष आणि अनेक प्रादेशिक पक्ष गिरींच्या मागे गेले. १६ ऑगस्टला मतदान झाले, २० ऑगस्टला मोजणी.

म्हणजे 'दुसरी पसंती' ही त्या निवडणुकीत नुसती तांत्रिक बाब नव्हती. भांडणच तिच्यावरून पेटले होते. ती नीट कळल्याशिवाय माझी ओळ खरी की खोटी हे कळणार नाही.

मोजणीची रीत

राष्ट्रपतीला आपण थेट मत देत नाही. खासदार आणि राज्यांचे आमदार मिळून मत देतात, आणि प्रत्येकाच्या मताला ठरावीक मूल्य असते. राज्याची लोकसंख्या भागिले निवडून दिलेले आमदार, आणि येणारा आकडा पुन्हा भागिले एक हजार, असे आमदाराच्या मताचे मूल्य निघते. १९६९मध्ये १९६१ची जनगणना धरली जात होती. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा ३ कोटी ९५ लाखांवर आणि आमदार २७०, म्हणून आपल्या आमदाराचे मूल्य १४६. आंध्रच्या आमदाराचे १२५, हरियाणाच्या आमदाराचे ९४. खासदाराचे ५७६.

मतपत्रिकेवर नावापुढे फुली मारायची नसते, आकडे लिहायचे असतात. पहिली पसंती १, दुसरी २, तिसरी ३. जिंकायला वैध मतमूल्याच्या निम्म्याहून अधिक लागते. पहिल्या पसंतीत कुणालाच तेवढे मिळाले नाही, तर सर्वांत खालच्या उमेदवाराला बाद करतात आणि त्याच्या प्रत्येक मतपत्रिकेवर पुढची पसंती कोणाची आहे ते पाहून ती मते त्या उमेदवाराकडे वळवतात. असे खालून वर करत जायचे. ज्या पत्रिकेवर पुढची पसंती लिहिलेलीच नाही, ती तिथे थांबते.

यातली गोम लक्षात घ्यावी. ग्रामपंचायतीच्या किंवा आमदारकीच्या निवडणुकीत तिसरा उभा राहिला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, 'हा कुणाची मतं खाणार?' तिथे तो प्रश्न बरोबर आहे. फुली एकच असते, आणि ती तिसऱ्यावर मारली की पहिल्या दोघांच्या हिशेबातून ते मत गेलेच. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत तसे होत नाही. तिसरा बाद झाला की त्याच्या मतदाराला पुन्हा विचारल्यासारखे होते : आता उरलेल्यांत तुला कोण चालेल? गुरुजींनी ग्रामपंचायतीचा नियम राष्ट्रपती भवनाला लावला होता, आणि मी तो छापला होता.

आवक-जावक

आता निवडणूक आयोगाने प्रसिद्ध केलेले आकडे घेऊ. एकूण १५ उमेदवार. वैध मतमूल्य ८,३६,३३७. जिंकायला हवे ४,१८,१६९.

पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. उरलेल्या बारा जणांत पाच जणांना एकही मत नाही आणि सात जणांचे मिळून ८,५०५. या सातांत आपल्या ओळखीचे एक नाव आहे : पां. ना. राजभोज. १९५२मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे सोलापुरातून लोकसभेत गेलेले दलित नेते. त्यांना ८३१ मिळाली. एका उमेदवाराला नेमकी ५७६ आहेत, म्हणजे एक खासदार. एकाला ९४, म्हणजे हरियाणाचा एक आमदार. आकड्यांतून अशी माणसे दिसू लागली की स्टोअरमधली जुनी बिनकार्डे आठवतात.

गिरी पहिल्या पसंतीत पुढे होते, पण त्यांना १६,६५४ कमी पडत होती. मग एकेक उमेदवार बाद करत दुसऱ्या आणि पुढच्या पसंतीची मते वळवली गेली. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. गिरी विजयी. हव्या त्या आकड्यापेक्षा त्यांच्याकडे १,९०८ मते अधिक होती. म्हणजे तीन-सव्वातीन खासदार किंवा महाराष्ट्राचे तेरा आमदार. पहिल्या पसंतीवर निकाल लागला नाही असा भारतात राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा आजवरचा हा एकच प्रसंग.

आता माझी वही. पहिले दोघे सोडून इतरांकडे एकूण १,२१,२७४ मते होती. त्यांतून गिरींकडे गेली १८,५६२. रेड्डींकडे गेली ९१,८७९. दोन्ही मिळून १,१०,४४१. मेळ बसत नाही, १०,८३३ कमी येतात. ही ती मते, ज्यांवर पुढची उपयोगी पसंती नव्हती. ती वाटेत थांबली.

म्हणजे तिसऱ्या आणि त्याच्या खालच्या उमेदवारांच्या मतांपैकी शेकडा ७६ मते रेड्डींनाच मिळाली. 'चिंतामणरावांनी रेड्डींची मते खाल्ली' हे इथेच कोसळते. ती मते चिंतामणरावांकडून फिरून रेड्डींच्या खात्यात जमा झाली होती.

उरला प्रश्न थांबलेल्या १०,८३३ मतांचा. समजा, चिंतामणराव उभेच राहिले नसते आणि ही सगळीच्या सगळी मते रेड्डींना पडली असती. तरी रेड्डींची बेरीज ४,१६,२६० होते. गिरींचे ४,२०,०७७ त्याहून जास्तच. रेड्डींना सर्वांत सोयीचे गृहीत धरूनही ते हरतात.

इथवर आलो तेव्हा वही मिटून त्या मुलाला निरोप पाठवावा असे वाटले. चिंतामणराव निर्दोष, माझी ओळ चूक. पण स्टोअरची सवय अशी की मेळ बसला तरी माल पुन्हा एकदा हलवून पाहायचा.

गिरींना नंतर मिळालेल्या १८,५६२ मतांकडे पुन्हा पाहिले. छोट्या सात उमेदवारांकडे मिळून होतीच ८,५०५. ती सगळी गिरींना गेली असे धरले, तरी १०,०५७ उरतात. ती चिंतामणरावांच्या पत्रिकांतूनच आलेली असली पाहिजेत, दुसरा स्रोतच नाही. म्हणजे चिंतामणरावांना पहिली पसंती देणाऱ्यांपैकी निदान १०,०५७ मूल्याच्या मतदारांनी पुढची पसंती रेड्डींना न देता गिरींना दिली होती. खासदारांच्या हिशेबात सांगायचे तर सतराच्या वर खासदार. ही मते नसती तर गिरी ४,१०,०२० वर अडकले असते, जिंकायच्या आकड्याच्या खाली. आणि तीच मते रेड्डींकडे वळली असती तर रेड्डी ४,१५,४८४ वर, गिरींच्या पुढे गेले असते.

म्हणजे गुरुजींच्या बोलण्यात एक कण खरा होता, पण तो भलत्या जागी होता. निकाल चिंतामणरावांच्या मतपत्रिकांवर लागला हे खरे. तो लावला मात्र चिंतामणरावांनी नव्हे. स्वतंत्र पक्ष-जनसंघाच्या नेत्यांनी आणि निजलिंगप्पांनी जे काही ठरवले असेल ते असो. गुप्त मतदानाच्या खोलीत काही मतदारांनी देशमुखांपुढे १ लिहिला आणि मग पेन थोडे खाली नेऊन २ कुणापुढे लिहायचा हे आपले आपण ठरवले. ती नावे कुणालाच कळणार नाहीत, आणि तशीच व्यवस्था आहे.

या हिशेबाची मर्यादाही सांगायला हवी. चिंतामणराव उभे नसते तर प्रचार वेगळा झाला असता, आवाहने वेगळी झाली असती, आणि त्या आमदार-खासदारांनी पहिली पसंती कशी दिली असती हे गणिताने सांगता येत नाही. गणित एवढेच सांगते की प्रत्यक्षात पडलेल्या मतांवरून त्यांच्यावर हा ठपका ठेवता येत नाही.

दुसरी फेरी : तिकडची आणि इकडची

तिसऱ्या उमेदवाराचे हे कोडे आणखी कुठे पडले असेल, असा विचार करताना मला एक जुनी गोष्ट आठवली. माझ्या लहानपणी शाळेच्या वह्या-पुस्तकांना कव्हरे घातली जायची ती 'सोविएत देश' मासिकाच्या गुळगुळीत, रंगीत पानांची. ट्रॅक्टर, धरणे, हसऱ्या बायका. त्या देशात निवडणुका व्हायच्या, पण मतपत्रिकेवर बहुधा नाव एकच असायचे. १९९१मध्ये तो देशच राहिला नाही. मग त्या भागांतून दोन-तीन उमेदवारांच्या, चुरशीच्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकांच्या बातम्या येऊ लागल्या. १९९६मध्ये कारखान्याच्या कँटीनमध्ये येल्त्सिन आणि झ्युगानोव्ह यांच्यावर आमच्यात पैजा लागल्या होत्या.

त्या देशांनी बहुतेक ठिकाणी दोन फेऱ्यांची रीत घेतली. पहिल्या फेरीत कुणाला निम्म्याहून जास्त मते नाहीत, तर पहिल्या दोघांत काही दिवसांनी पुन्हा मतदान. हेतू आपल्या दुसऱ्या पसंतीचाच, रीत वेगळी.

युक्रेनमध्ये १९९४च्या जूनमध्ये पहिल्या फेरीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्रावचुक सुमारे ३८ टक्के मते घेऊन पुढे होते, कुचमा ३१ टक्क्यांवर, आणि तिसरे समाजवादी मोरोझ १३ टक्क्यांवर. १० जुलैच्या दुसऱ्या फेरीत कुचमा ५२ टक्के मते घेऊन जिंकले आणि क्रावचुक यांनी खुर्ची सोडली. सोव्हिएत राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशात पदावरचा माणूस मतपेटीने हरतो आणि निघून जातो, ही साधी गोष्ट नव्हती. त्याच १० जुलैला शेजारच्या बेलारूसमध्येही दुसरी फेरी झाली. तिथे पंतप्रधान केबिच यांना लुकाशेंका यांनी फार मोठ्या फरकाने हरवले. तीही खरी लढत होती. पण तीस वर्षे उलटून गेली तरी त्या देशाने दुसरा राष्ट्राध्यक्ष पाहिलेला नाही. एकाच दिवशीच्या, एकाच रीतीच्या दोन निवडणुका. रीत चांगली असली म्हणजे पुढचे सगळे चांगले होते असे नाही, हेही यातून घ्यावे.

पण मला उपयोगी पडला तो १९९६चा रशिया. १६ जूनच्या पहिल्या फेरीत येल्त्सिन ३५ टक्के, कम्युनिस्ट झ्युगानोव्ह ३२ टक्के, आणि तिसरे जनरल लेबेद साडेचौदा टक्के. चिंतामणरावांचा १९६९चा वाटाही साडेतेरा टक्के होता. पहिल्या फेरीनंतर दोनच दिवसांत येल्त्सिन यांनी लेबेद यांना सुरक्षा परिषदेचे सचिव केले. ३ जुलैला येल्त्सिन जवळपास ५४ टक्के मतांनी जिंकले. ऑक्टोबरात त्यांनी लेबेद यांना काढून टाकले.

दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत तिसऱ्या उमेदवाराचा भाव सर्वांत चढा असतो. आपल्याला किती मते मिळाली हे त्याला कळलेले असते, आणि घेणाऱ्यालाही. म्हणून सौदा त्याच्याशी होतो. आपल्या पद्धतीत तो मधला काळच नाही. १ आणि २ एकाच वेळी, एकाच कागदावर लिहायचे. तिसऱ्याला आपले वजन मोजणी होईपर्यंत माहीत नसते, आणि मोजणीनंतर त्याच्या हातात काही उरत नाही. सौदा करायचा तर आधी, पक्षांच्या नेत्यांत करायचा, आणि तो पाळला जाईल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. निजलिंगप्पांना हेच भोवले. बोलणी केल्याचा बोभाटा झाला, आणि ज्यांच्याशी बोलणी केली त्यांच्या बाजूचीही सगळी मते हाती आली नाहीत.

रशियाच्या दुसऱ्या फेरीत मतपत्रिकेवर 'सर्वांच्या विरोधात' असाही रकाना होता, आणि तिथे पाच टक्क्यांच्या जवळपास मते पडली. १९६९च्या आपल्या मोजणीत वाटेत थांबलेली १०,८३३ मते मला त्यांची नातेवाईक वाटतात. त्या मतदारांनी आपला माणूस निवडला, आणि तो बाद झाल्यावर उरलेल्या दोघांत निवड केली नाही.

नंतर

निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. रेड्डींविरुद्ध वाटलेल्या एका बदनामीकारक पत्रकाचा मुद्दा त्यात होता. राष्ट्रपती गिरी स्वतः न्यायालयात साक्षीला गेले. १९७०मध्ये याचिका फेटाळली गेली. नोव्हेंबर १९६९मध्ये काँग्रेस फुटली होतीच. १९७४मध्ये कायदा बदलून राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला दहा सूचक आणि दहा अनुमोदक लागतील असे ठरले. आता तो आकडा पन्नास आणि पन्नास आहे. शून्य मते मिळवणारे पाच-पाच उमेदवार त्यामुळे दिसेनासे झाले. राजभोजांसारख्या कुणालाही मग ती वाट अवघड झाली. रेड्डी १९७७मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. प्रतिभाताई पाटील यांच्या रूपाने २००७मध्ये महाराष्ट्राचे माणूस त्या पदावर बसले.

चिंतामणराव १९६९नंतर निवडणुकीच्या वाटेला गेले नाहीत. १९७५मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचे निधन झाले. मेघदूताचा मराठी अनुवाद करणारा, विद्यापीठ अनुदान आयोग आणि दिल्ली विद्यापीठ सांभाळणारा हा माणूस आमच्या भागात उरला तो 'मुंबईसाठी राजीनामा' आणि 'मते खाल्ली' या दोन वाक्यांत. पहिले खरे आहे. दुसरे पसरवण्यात माझाही हात आहे.

२०२४च्या विधानसभेला आमच्या कर्जत मतदारसंघात तिरंगी लढत झाली. विजयी उमेदवाराला निम्म्याहून कमी मते होती. त्यानंतर कितीतरी दिवस चहाच्या टपरीवर एकच चर्चा होती, कुणी कुणाची मते खाल्ली. तिथे कुणाच्याही मतपत्रिकेवर २ लिहिलेला नव्हता, त्यामुळे त्या चर्चेचा निकाल कधीच लागणार नाही. १९६९चा लागतो, कारण तो कागदावर आहे.

मुलगा पुन्हा आला तेव्हा मी त्याला वही दाखवली. त्याने सगळ्या बेरजा स्वतः पुन्हा केल्या. मग म्हणाला, "काका, म्हणजे गुरुजी चुकले?" मी म्हटले, "गुरुजी ओट्यावर बोलत होते. छापलं मी." स्मरणिकेची त्याच्याकडची प्रत मागून घेतली आणि त्या ओळीच्या बाजूला समासात पेन्सिलीने दोन आकडे लिहिले : ४,१६,२६० आणि ४,२०,०७७. बाकीच्या प्रती तालुक्यात कुणाकुणाच्या घरी असतील. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हे दोन आकडे तिथे लिहून घ्यावेत, ही विनंती.